सूपभर धूर

आमचे घरमालक पेरू कापायला बसले की ओट्यावर जेवढी माणसं, तेवढ्या फोडी व्हायच्या. मग त्यात पाणी प्यायला टेकलेला कोणी वाटसरू असो, नाहीतर मीठ उसनं मागायला आलेली शेजारीण असो. फोडी पळसाच्या पानावर मांडायच्या आणि म्हणायचं, "उचला. ज्यानं कापलं त्यानं मागून." लोक काय, मोठी फोड पाहूनच उचलणार. शेठजींच्या हाती नेमकी बियांची, कडक, देठाकडची फोड यायची. तीही ते चवीनं खात. मी एकदा म्हटलं, "शेठजी, तुमालेच काहून दरवेळी उरलंसुरलं?" तर म्हणाले, "बाई, मागून उचलाचं असलं की सुरी सरळ चालते."

आता हा माणूस शहाणा होता की अर्धवट, ते मला आजही सांगता येत नाही. बावीस गावची माणसं माझ्या भट्टीवर फुटाणे घ्यायला येतात, माणूस ओळखायची मला सवय आहे. पण शेठजींच्या बाबतीत माझं डोकं चालतच नाही. म्हणून लिहायला बसले. लिहिता लिहिता उमजलं तर उमजलं.

शेलूबाजारात सडकेला लागून त्यांचं घर. जैन माणूस, एके काळी कापडाचं दुकान, ते कधीच बंद केलेलं. बायको वारली, मुलगा नागपूरला. पुढच्या ओट्यावर माझी भट्टी, मागच्या खोलीत जीपवाला शब्बीर आणि त्याचा संसार, वरच्या माळ्यावर शाळेतल्या इंगोले मॅडम. आणि मधल्या एका खोलीत शेठजी, एक खाट आणि एक माठ. एवढं आमचं घर.

शेठजींचा नियम असायचा. त्यांच्यात तशी रीतच आहे, सकाळी देवाचं नाव घेऊन नियम घ्यायचा, आज अमुक इतकंच. कोणी म्हणतं आज एवढेच पदार्थ खाईन, कोणी म्हणतं एवढेच कपडे वापरीन. सूर्य मावळला की जेवण नाही, हे तर आलंच. पण आमच्या शेठजींचे नियम जरा पुढचे. एक दिवस नियम घेतला की आज सडकेच्या पलीकडं पाऊल टाकणार नाही. आणि त्याच दिवशी सडकेपलीकडच्या मंगल कार्यालयात सख्ख्या पुतण्याचं लग्न! सकाळी नियम घेताना ध्यानातच राहिलं नाही. मग काय, अक्षता मुठीत घेऊन शेठजी सडकेच्या अलीकडं उभे. मधून ट्रक चाललेत, एसटी चाललीय. शेवटी नवरदेव मुंडावळ्यांसकट सडक ओलांडून पाया पडायला आला. मागून बँडवाले आले, त्यांच्या मागून फोटोवाला. पुतण्या म्हणाला, "काकाजी, देवानं पायलं नसतं थोडंसं." शेठजी म्हणाले, "देवानं कायले पाहाचं? म्या पायलं असतं ना."

हां, तर धुराचं. ते सुरू झालं माझ्या पुडीपासून.

मी शाळेत गेले नाही. मला अक्षरं शिकवली ती रद्दीनं. फुटाण्याच्या पुड्या बांधायला रद्दी पेपर लागतो, आणि हातात कागद आला की त्यावरचं काळं काय आहे ते कळावं असं वाटायचंच. मॅडमच्या आधीच्या भाडेकरू बाईंनी थोडं दाखवलं, बाकी मी जुळवत गेले. त्यामुळं माझं वाचन सगळं अर्धं. बातमीचं डोकं माझ्याकडं, शेपूट गिऱ्हाइकाकडं. जगात काय झालं ते मला माहीत असतं, पण त्याचं पुढं काय झालं ते कधीच माहीत नसतं.

एका दुपारी मी असाच एक फाटका कागद मोठ्यानं वाचत होते आणि शेठजी पेरू कापत होते. कागदावर होतं की, देशाने हवेत किती कार्बन सोडायचा याची मर्यादा ठरली, तर ती देशातल्या निरनिराळ्या भागांमध्ये कशी वाटावी हा मोठा प्रश्न आहे. लोकसंख्येप्रमाणे वाटावी, की आजवर ज्याने जेवढा सोडला त्याप्रमाणे, की... आणि इथंच कागद फाटला होता.

शेठजींची सुरी पेरूतच थांबली. "कार्बन म्हंजे?"

वरून मॅडम कपडे वाळत घालत होत्या, त्या म्हणाल्या, "धूरच समजा शेठजी. जीपचा, भट्टीचा, वीज बनवायच्या कारखान्याचा."

"अन मंग? की... काय?"

"फाटलं जी," मी म्हटलं.

"उरलेलं कुठं हाये?"

आता उरलेलं कुठं असणार? कोणाच्या तरी फुटाण्यांसोबत गेलं. मी आठवून सांगितलं की सकाळी धनजचा एक माणूस मोठी पुडी घेऊन गेला, बहुतेक त्यातच. आता कोणीही म्हणालं असतं, जाऊ द्या. शेठजींनी धनजला जाणाऱ्या माणसाजवळ निरोप धाडला. निरोप काय, तर 'फुटाणे खाल्ले असतील तर कागद परत पाठवा.' आठ दिवसांनी धनजहून एक पुडीचा कागद आला खरा, त्यावर सोयाबीनच्या बियाण्याची जाहिरात होती. शेठजींनी तीही उलटून पालटून पाहिली.

मॅडमनी मोबाईलवर शोधून पाहिलं. तिथं नको तेवढं निघालं, सगळं इंग्रजी आणि मध्ये मध्ये गणितं. एका ठिकाणी म्हणे अशी वाटणी करा, दुसऱ्या ठिकाणी म्हणे तशी केली तर अन्याय होईल. कोणत्या देशाचं चाललंय तेही आम्हाला नीट कळेना. मॅडम म्हणाल्या, "शेठजी, आपल्या जिल्ह्याचं असं काही ठरलेलं दिसत नाही. विचार चालू आहे लोकांचा."

शेठजी तेवढ्यावर थांबले नाहीत. मंगरूळला एका सरकारी कचेरीत गेले आणि खिडकीतल्या पोराला विचारलं, "आपल्या वाशिम जिल्ह्याच्या वाट्याले किती धूर आला?" त्या पोरानं विचारलं, "कोणत्या योजनेतून?" शेठजी म्हणाले, योजना नाही, वाटणी. पोरगं म्हणालं, वाटणीचं असेल तर सातबारा लागेल. तिथून आले आणि ओट्यावर बसून बराच वेळ हसले. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, "त्यायचं ठरेपरेंत आपलं घर तं ठरवू."

मी तेव्हाच सावध झाले. कारण त्या घरात सगळ्यात जास्त धूर कोणाचा? माझा. तुराट्या आणि पऱ्हाट्या जाळते मी, तुरीच्या अन कपाशीच्या वाळक्या काड्या. गॅसवर वाळू तापत नाही आणि तापली तरी परवडत नाही. भट्टी पेटली की सडकेवरून समोरचं दुकान दिसत नाही. नवऱ्यामागं त्या भट्टीवरच मी दोन पोरी उजवल्या होत्या. शेठजींनी मनात आणून म्हटलं असतं, बाई, तुमचा धूर जास्त होतो, दुसरा ओटा पाहा, तर सडकेला लागून दुसरा ओटा मला कोण देणार होतं? आणि शेठजींनी एकदा नियम घेतला की सख्ख्या पुतण्याच्या लग्नालाही सडक ओलांडत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं.

रविवारी शेठजींनी सगळ्यांना ओट्यावर बसवलं. माझंच सूप घेतलं, त्यात माझेच फुटाणे ओतले आणि म्हणाले, "हा आपल्या घराचा धूर. सूपभर. याच्यावर एक दाना नाही."

मी म्हटलं, "सूपच काहून? टोपलं घ्या ना जी."

"टोपलं घेतलं तं नियम काय उरला, बाई?"

"पण सूपच काहून, ते तं सांगा."

त्यांनी सुपातले फुटाणे हातानं सारखे केले आणि म्हणाले, "कुठंतरी थांबा लागते."

मॅडम म्हणाल्या, "सोपं आहे. माणशी सारखे वाटे करा."

शब्बीर लगेच सरसावून बसला. "बराबर! मी, माही बायको अन तीन पोरं. पाच वाटे माये. मॅडमचा एक." आणि बोलता बोलता सुपातले मूठभर उचलून तोंडात टाकले.

"शब्बीर, तू धूर खाऊन राह्यला," शेठजी म्हणाले.

"मंग जीपचा कमी पकडा, शेठ. अन खरं पाह्यलं तं माया जीपचा धूर घरात होतच नाही. गाडी इथं थंडी उभी राहते. धूर होते तो अनसिंगच्या रस्त्यानं. तो अनसिंगवाल्यायच्या सुपात टाका."

हे ऐकून माझंही तोंड उघडलं. मी म्हटलं, "असं असंन तं मीबी सांगते. फुटाणे भाजते मी, पण खाते कोण? सारा बाजार खाते. म्या तं दातामुळं एक दानाबी खात नाही. मंग तो धूर माया काहून? खाणाऱ्याचा धरा."

शेठजींनी कपाळाला हात लावला. खरं सांगते, मला वाटलं होतं मी एकदम जिंकले. पण ते विचारच करत बसले. "म्हंजे धनजच्या त्या माणसाच्या पोटात आपला धूर गेला?" असं काहीतरी पुटपुटले. मग मॅडमकडं पाहिलं. "तुमी बोला. तुमी शिकलेल्या."

मॅडम इतका वेळ हसत होत्या, त्यांचं हसू गेलं. म्हणाल्या, "शेठजी, माझा आजा लोकांच्या गोठ्यातलं शेण काढायचा. गोवऱ्या थापायची माझी आजी, आणि जाळायचे दुसरे. आमच्या घरी चूल पेटली नाही हे लांबून कळायचं, कारण धूर दिसायचा नाही. माझ्या बापानं शिकून नोकरी केली, मी नोकरी केली, आत्ता कुठं वरच्या खोलीत थंड हवेची मशीन लावली. आणि नेमके आत्ताच तुम्ही सूप घेऊन बसलात. आजवर कोणी किती जाळलं, ते कोण मोजणार?"

शब्बीरनं हातातले दाणे हळूच सुपात परत टाकले.

ती रविवारची बैठक तशीच उठली. शेठजी त्यानंतर जो दिसेल त्याला विचारत. भाजीवालीला विचारलं, रसवंतीवाल्याला विचारलं, मंदिरात आलेल्या एका साध्वींनाही विचारलं. त्या म्हणाल्या म्हणे, नियम ज्याचा त्यानं घ्यायचा असतो, दुसऱ्याला घालून द्यायचा नसतो. यानं तर शेठजी आणखीच गोंधळले. मला म्हणाले, "बाई, देशानं नियम घेतला तं तो कोणं घेतला? तुमी घेतला का? म्या तं नाही घेतला." मी म्हटलं, "मले कोणं विचारलंच नाही जी." या बोलण्यात भट्टीवर चणे करपले.

शेवटी त्यांनी त्यांचं तेच केलं. पुन्हा सूप आणलं, भाडेकऱ्यामागं एक आणि स्वतःचा एक असे चार वाटे केले, पळसाच्या पानांवर मांडले. "उचला. ज्यानं केलं त्यानं मागून."

मॅडमनी पहिला उचलला, मोठाच उचलला, आणि शेठजींनी मान हलवून बरं केलं असं दाखवलं. शब्बीरनं उरलेल्यांतला मोठा पाहून दुसरा. मी तिसरा. माझा वाटा पाहिला आणि मला रडू आलं. बाजाराच्या दिवशी मी जेवढ्या तुराट्या जाळते त्याच्या अर्ध्यालाही तो पुरला नसता. मी म्हटलं, "शेठजी, सरळ सांगा ना, भट्टी उचल म्हणून. हे फुटाणे मोजून कायले सांगता?"

शेठजींनी चौथं पान उचललं, स्वतःचं. आणि माझ्या पानावर पालथं केलं.

"झालं," म्हणाले. "आता पुरंन."

मला वाटलं खेळ संपला. दुसऱ्या दिवशी कळलं की खेळ नव्हताच. आपला वाटा भट्टीत गेला म्हणून शेठजींनी खोलीतला पंखा बंद केला. दिवा बंद. चूल तर बंदच, भिजवलेली मुगाची डाळ, काकडी, पेरू यावर राहू लागले. गाडीत बसणं बंद. मंगरूळला पायी. शब्बीर जीप हळू करून शेजारून चालवायचा, "शेठ, बसा ना, गाडी तं चाललीच आहे, तुमच्यानं जास्तीचा धूर होते का?" शेठजी चालता चालता यावरही विचार करायचे, पण बसायचे नाहीत.

आणि माझी काय हालत झाली असेल सांगा. एकेक काडी भट्टीत सारताना वाटायचं, हा त्यांचा पंखा, ही त्यांची भाजी. मी काही मागितलं नव्हतं. मी त्यांना गरम भाकर नेऊन दिली तर म्हणाले, "ही कोणाच्या वाट्यातली?" मी भाकर परत आणली आणि रागानं स्वतःच खाल्ली.

मग तो बाजाराचा दिवस. सकाळपासून भट्टी धडधडत होती, भिजवलेले चणे टोपल्यात वाट पाहत होते, गिऱ्हाईक रांगेत. शेठजी खोलीतून भिंतीला धरत धरत आले आणि ओट्यावर बसले. अंगाला दरदरून घाम. डावा हात छातीवर. मॅडम शाळेला निघाल्या होत्या, त्या पाहताक्षणी ओरडल्या, "शब्बीरभाऊ, गाडी काढा! वाशिमला न्यावं लागेल."

शब्बीरनं जीप ओट्याला लावली. शेठजी म्हणाले, "मले नाही जमत."

"काय नाही जमत?"

"माया वाट्यात नाही. माया वाटा तं..." आणि भट्टीकडं बोट केलं. "तिकडं पेटून राह्यला."

बाप्पा! माणसाचा जीव चाललाय आणि हे काय बोलणं! शब्बीर उचलायला गेला तर खांबाला घट्ट धरून बसले. मॅडम रडायच्या बेतात. म्हणाल्या, "माझ्यातला घ्या, शेठजी, मशीन बंद करते मी." तर म्हणाले, "तुमच्यातला तं मी मेलो तरी नाही घेणार."

मग मी उठले. कढईत अर्धे भाजलेले चणे होते. भट्टीच्या तोंडातल्या जळत्या तुराट्या सगळ्या ओढून बाहेर काढल्या, सडकेच्या कडेला टाकल्या आणि त्यावर भिजवण्याच्या पाण्याची घागर उलटी केली. "घ्या!" मी ओरडले. "हा तुमचा वाटा वापस. भट्टी बंद. आता तं बसा!"

आणि काय सांगू, असा धूर झाला! पेटवताना कधी झाला नव्हता एवढा धूर विझवताना झाला. पांढरा, गच्च, सगळ्यांच्या डोळ्यांत. गिऱ्हाईक खोकत पळालं. जीप दिसेना. त्या धुरात शेठजींचा आवाज आला, "अन हा कोणाच्या वाट्यातला?"

"माया!" शब्बीर म्हणाला. "अनसिंगच्या सुपातला!" आणि त्यांना लेकरासारखं उचलून गाडीत टाकलं.

त्यांनी खांब सोडला होता म्हणून उचलता आलं, एवढं मला नक्की माहीत आहे. पण मी भट्टी विझवली म्हणून सोडला, की दुखणं असह्य झालं म्हणून, की धुरात काही दिसेना म्हणून? मी पुष्कळदा विचारायचं ठरवलं आणि दरवेळी दुसरंच बोलणं निघालं.

वाचले. वाशिमहून अकोल्याला नेलं, मुलगा आला, काही दिवसांनी शब्बीरच परत घेऊन आला. ओट्यावर बसले, भट्टी पेटलेली पाहिली. म्हणाले, "त्या दिवशी नुकसान झालं ना, बाई?"

मी म्हटलं, "नाही जी. भिजवलेले चणे खराब होतात म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट भाजले. दिवसभर पेटती होती भट्टी."

"दुप्पट?"

"हो जी."

"म्हंजे धूर कमी झालाच नाही. आजचा उद्यावर गेला."

"तसंच म्हणा."

त्यांनी सडकेवरच्या गाड्यांकडं पाहिलं. मग मला विचारलं, आणि इतक्या साध्या आवाजात विचारलं की मला अजून ऐकू येतं, "देशाचंबी असंच होईन का, बाई?"

मी काय सांगणार? माझ्याकडं अर्धाच कागद होता.

पुढं मुलानं त्यांना नागपूरला नेलं. लिफ्टनं वर जायचं घर आहे म्हणे. शेठजी लिफ्टमध्ये बसतात की जिने चढतात, ते मी मुद्दाम विचारत नाही. घर विकलं नाही, भाडं वाढवलं नाही, मधल्या खोलीला कुलूप नाही, नुसती कडी आहे. खाट आणि माठ तसेच आहेत.

दर बाजाराच्या दिवशी सकाळी त्यांचा फोन येतो.

"भट्टी पेटली का, बाई?"

"पेटली जी."

"धूर कुठं चालला आज?"

मी मान वर करून पाहते. वारं सडकेकडून असलं की धूर ओटा ओलांडून आत वळतो आणि दाराच्या फटीतून मधल्या खोलीत शिरतो.

"तुमच्याच खोलीत चालला, शेठजी."

"जाऊ द्या," ते म्हणतात. "माया वाटा रिकामाच आहे तिथं."